झाशीच्या राणीसाहेबांचा दावा

झाशीतील मराठी माणसांच्या कोणत्याही स्मरणिकेत महाराणी लक्ष्मीबाईंचे स्मरण झाल्यावाचून ती पुरी झाली असे वाटत नाही. त्यांच्या शौर्याविषयी आजवर इतके लिहिले व गायिले गेले आहे की त्यात भर घालण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. ज्यांची सारी हयात सरकारी कचेरीत लोकांचे अर्ज वाचण्यात आणि त्यांवर टिपणे लिहिण्यात गेली, त्यांनी रणांगणाची वर्णने करू नयेत, हे आम्ही जाणतो. परंतु त्याच नोकरीने आम्हांस एक दृष्टी दिली आहे, आणि त्या दृष्टीने राणीसाहेबांचे चरित्र वाचताना एक गोष्ट मनात फार खोल रुतते. ती अशी की, तलवार हाती घेण्यापूर्वी साडेतीन वर्षे लक्ष्मीबाई सरकारदरबारी अर्जदार होत्या. त्यांचा दावा कोणी वाचला, कोणत्या आधारावर निकालात काढला, आणि निकालानंतरही त्यांच्यामागे कचेरीचा ससेमिरा कसा राहिला, ही हकीकत त्यांच्या पराक्रमाइतकीच मननीय आहे. तीच येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

हा दावा समजण्यास झाशी मराठ्यांची कशी झाली हे आधी ध्यानी घ्यावे लागेल. बंगशाच्या स्वारीत छत्रसालाच्या साह्यास थोरले बाजीराव धावून गेले आणि कृतज्ञ छत्रसालाने आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा त्यांना दिला. ओरछाच्या वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये बांधलेल्या किल्ल्याच्या पायथ्याशी १७४२ नंतर नारो शंकरांनी शहर वसविले. पुढे सुभेदारी नेवाळकरांच्या घराण्यात आली. रघुनाथ हरी, त्यांचे बंधू शिवरावभाऊ आणि शिवरावभाऊंचे नातू रामचंद्रराव असा हा क्रम आहे. शिवरावभाऊंनी १८०४ मध्ये इंग्रजांशी तह केला. १८१७ मध्ये पेशव्यांनी बुंदेलखंडावरील आपले हक्क कंपनीस सोडून दिले, तेव्हा त्याच वर्षी कंपनीने रामचंद्ररावांशी नवा करार करून ही दौलत त्यांना, त्यांच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना वंशपरंपरा मान्य केली. १८३२ मध्ये त्यांना राजा हा किताबही मिळाला. या करारातील वारस आणि उत्तराधिकारी हे दोन शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत, कारण पुढील सारा वाद त्यांच्याभोवतीच फिरला.

१८३५ मध्ये रामचंद्रराव निपुत्रिक वारले. त्यांचा दत्तक म्हणून कृष्णराव पुढे आला. परंतु कंपनीने त्याचा हक्क मानला नाही आणि चुलते रघुनाथराव यांस गादी दिली. तेही १८३८ मध्ये गेले. पुन्हा अनेक दावेदार उभे राहिले, चौकशी झाली आणि गंगाधररावांचा हक्क मान्य झाला. मात्र संस्थानावर कर्ज होते आणि कारभार विस्कटला होता, म्हणून काही वर्षे इंग्रजांनीच राज्य चालविले व मग ते गंगाधररावांच्या हाती दिले. ज्या कचेरीत हे दोन निर्णय झाले, त्या कचेरीच्या दप्तरात ते पूर्वदाखले म्हणून राहिले. दप्तरात गेलेला कागद मरत नाही, तो योग्य वेळेची वाट पाहत पडून असतो, हे सरकारी नोकरीत असलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म काशीचा. त्यांचे जन्मवर्ष परंपरेने १८२८ मानले जाते, तर काही चरित्रकार १८३५ धरतात. वडील मोरोपंत तांबे हे दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पा यांच्या पदरी होते. चिमाजीअप्पांच्या निधनानंतर तांबे कुटुंब ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरास, पेशव्यांच्या आश्रयास आले. मातोश्री भागीरथीबाई लवकरच निवर्तल्याने मनकर्णिकेचे बालपण पुरुषमंडळींच्या सहवासात गेले. घोडदौड, शस्त्रविद्या आणि लेखन-वाचन ही तिन्ही अंगे त्यांना तेथेच लाभली. पण बिठूरास आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे पेन्शन. पुण्याचे तख्त गेल्यावर बाजीरावांना कंपनीकडून वर्षाला ८ लाख रुपये मिळत आणि त्यावर हजारो माणसांचा संसार चाले. जानेवारी १८५१ मध्ये बाजीराव वारले आणि ती रक्कम बंद झाली. दत्तकपुत्र नानासाहेबांनी अर्जामागून अर्ज केले, अजीमुल्ला खान यांस विलायतेस धाडले, पण उपयोग झाला नाही. ज्या घरात आपण वाढलो, तेथे दत्तकाचा दावा कसा फेटाळला जातो हे लक्ष्मीबाईंनी झाशीच्या वाड्यातून पाहिले असलेच पाहिजे.

१८४२ मध्ये गंगाधररावांशी त्यांचा विवाह झाला. आपल्या झाशीतील गणेशमंदिर हे त्या विवाहाचे स्थान म्हणून आजही दाखविले जाते. गंगाधरराव नाटकांचे शौकीन आणि ग्रंथांचे संग्राहक होते. १८५१ मध्ये त्यांना पुत्र झाला, पण तो अवघ्या काही महिन्यांतच गेला. त्या धक्क्यातून महाराज सावरले नाहीत. नोव्हेंबर १८५३ मध्ये दुखणे विकोपास गेले, तेव्हा त्यांनी आपल्याच कुळातील वासुदेवराव नेवाळकर यांच्या पाचव्या वर्षात असलेल्या आनंदरावास शास्त्रोक्त दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेविले. हा विधी दाराआड झाला नाही. पॉलिटिकल खात्याचे मेजर एलिस आणि छावणीचे कॅप्टन मार्टिन यांना मुद्दाम पाचारण करून त्यांच्या समक्ष महाराजांनी खलिता दिला. मुलाचा वारसा मान्य व्हावा आणि तो वयात येईपर्यंत राणीने कारभार पाहावा, अशी त्यात विनंती होती. २१ नोव्हेंबर रोजी महाराजांचा अंत झाला. लक्ष्मीतालाच्या काठची त्यांची छत्री त्या शोकाची खूण आहे.

आता दाव्याचा प्रवास पाहा. झाशीचे एलिस, त्यांच्या वर ग्वाल्हेर, बुंदेलखंड व रेवा या प्रांतांचे पॉलिटिकल एजंट मेजर मालकम आणि त्यांच्या वर कलकत्त्यास गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी, अशी ही उतरंड होती. राणीसाहेबांनी ३ डिसेंबर १८५३ रोजी पहिला खलिता पाठविला आणि १६ फेब्रुवारी १८५४ रोजी दुसरा. हे खलिते म्हणजे केवळ विधवेचा विलाप नव्हे. नेवाळकरांनी कंपनीस वेळोवेळी केलेले साह्य त्यांत नमूद आहे. ब्रह्मदेशच्या युद्धात धान्य वाहून नेण्यास दिलेली मदत आणि कालपीच्या रक्षणार्थ पाठविलेले स्वार, पायदळ व तोफा यांची नोंद आहे. बुंदेलखंडातील ज्या संस्थानांत दत्तक मान्य झाले त्यांचे दाखले आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कराराच्या फार्शी मसुद्यातील शब्दांचा अर्थ लावला आहे. वारिसान म्हणजे रक्ताचे वारस आणि जानिशीनान म्हणजे त्यांच्या अभावी गादीवर बसणारे. दोन्ही शब्द घातले आहेत त्या अर्थी दुसऱ्यास स्वतंत्र अर्थ असलाच पाहिजे, असा हा युक्तिवाद आहे. आजच्या वरिष्ठ न्यायालयात एखाद्या निष्णात वकिलाने मांडावा अशाच तोडीचा तो आहे.

खालच्या पायरीवर त्याचा परिणाम झालाही. एलिस यांनी झाशीच्या बाजूने लिहिले. ओरछाशी झालेला तह आणि झाशीशी झालेला करार यांत या बाबतीत भेद करण्यास जागा नाही आणि जे ओरछास दिले ते झाशीस नाकारता येत नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. मालकम यांनी राणीची योग्यता, तिला मिळणारा आदर आणि कारभार करण्याची पात्रता यांची मनमोकळी प्रशंसा केली, परंतु गादीचा दावा मात्र उचलून धरला नाही. ज्याने अर्जदारास प्रत्यक्ष पाहिले तो अनुकूल, जो थोडा दूर तो व्यक्तीविषयी अनुकूल आणि हक्काविषयी प्रतिकूल, आणि ज्याने अर्जदारास कधीच पाहिले नाही त्याच्या हाती निकाल, असा हा प्रकार होता. कचेऱ्यांचा हा क्रम त्या काळापुरता नव्हता, हे सांगावयास नकोच.

२७ फेब्रुवारी १८५४ रोजी डलहौसी यांनी आपले टिपण लिहिले. दुसरा खलिता झाशीहून निघाल्यास तेव्हा पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. टिपणातील युक्तिवाद थोडक्यात असा. झाशीचा राजा हा मूळचा स्वतंत्र नृपती नव्हे, तो पेशव्यांचा सुभेदार. कंपनीने पेशव्यांचा हक्क घेतला, म्हणून झाशी ही कंपनीने दिलेली देणगी ठरते. सार्वभौम राजे आणि वरिष्ठ सत्तेकडून जमीन मिळालेले सरदार यांत सर चार्ल्स मेटकाफ यांनी १८३७ मध्येच भेद केला होता, तेव्हा ओरछाचा दाखला येथे लागू नाही. १८३५ मध्ये याच झाशीत दत्तक नाकारला गेला, तेव्हा पूर्वदाखलाही आहे. आणि शेवटी, झाशी चहूबाजूंनी इंग्रजी मुलखाने वेढलेली असल्याने ती खालसा केल्यास बुंदेलखंडाचा कारभार सुधारेल.

या टिपणाची कागदी बांधणी भक्कम आहे, हे आम्ही मान्य करतो. तारखा आहेत, दाखले आहेत, तर्क आहे. तरीही ते न्याय्य का वाटत नाही? एक तर १८१७ च्या करारातील दुसऱ्या शब्दास त्यात खरे उत्तर मिळत नाही. दुसरे म्हणजे १८३५ चा दाखला घेतला, पण तेव्हा दत्तक नाकारूनही राज्य नेवाळकरांच्याच घराण्यात ठेविले होते, ही त्या दाखल्याची दुसरी बाजू बाजूस सारली. तिसरे आणि सर्वांत मोठे कारण असे की, दावा फेटाळला तर ज्याच्या पदरात मुलूख पडावयाचा, तोच दाव्याचा न्यायाधीश होता. दातारामध्ये व न्यायाधीशामध्ये अंतर नसेल तर निकाल कितीही सुबक लिहिला तरी त्यावर विश्वास बसत नाही. टिपणातील शेवटचा सोयीचा मुद्दा वस्तुतः पहिला होता की काय, अशी शंका वाचणाऱ्याच्या मनात राहतेच.

मार्च १८५४ मध्ये एलिस यांनीच हा निर्णय झाशीस जाहीर केला. अनुकूल अभिप्राय देणाऱ्या अधिकाऱ्यावर प्रतिकूल हुकूम वाचण्याची पाळी यावी, हेही कचेरीच्या रीतीला धरूनच झाले. राणीसाहेबांना दरमहा ५,००० रुपये तनखा, राहण्यास शहरातील वाडा, आणि त्या हयात असेतो न्यायालयांच्या अधिकारातून त्यांची व त्यांच्या परिवाराची मुक्तता, असे ठरले. महाराजांची खाजगी मालमत्ता राणीस द्यावी, अशी मालकम यांची शिफारस होती. त्यावर डलहौसी यांनी हरकत घेतली की ती मालमत्ता हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तकपुत्राची आहे, सरकारला ती दुसऱ्यास देता येत नाही. म्हणजे दागदागिन्यांपुरते दत्तविधान खरे आणि राज्यापुरते खोटे! एकाच होमकुंडासमोर, एकाच मंत्राने, एकाच दिवशी झालेला विधी निम्मा मान्य आणि निम्मा अमान्य ठरला.

राणीसाहेबांनी हा तनखा सुरुवातीस नाकारला आणि दाव्याचा पाठपुरावा चालू ठेविला. जॉन लँग नावाच्या मूळच्या ऑस्ट्रेलियातील वकिलास त्यांनी सल्ल्यासाठी झाशीस बोलाविले. पडद्याआडून झालेल्या त्या भेटीचे वर्णन लँग यांनी पुढे आपल्या प्रवासवर्णनात केले आहे. गव्हर्नर जनरलच्या हातात आता काही नाही, विलायतेस अपील करावे आणि तोवर हक्क राखून तनखा उचलावा, असा त्यांचा सल्ला होता. अपील लंडनला कंपनीच्या संचालकांकडे गेले व फेटाळले गेले. त्यात नवल ते काय! ज्या कंपनीने मुलूख घेतला, तिचेच मालक अपील ऐकणार होते.

येथे सर्वसाधारण चरित्रे एकदम १८५७ वर उडी घेतात. आम्हांस मात्र मधली तीन वर्षे अधिक बोलकी वाटतात. मोठा दावा हरल्यावर लहान लहान दाव्यांचा छळ सुरू झाला. राज्य घेतले म्हणजे राज्याचे कर्जही घेतले, असे कोणीही म्हणेल. पण आग्र्याचे लेफ्टनंट गव्हर्नर कॉल्व्हिन यांनी गंगाधररावांचे कर्ज राणीने आपल्या तनख्यातून फेडावे असे ठरविले. राणीसाहेबांनी हरकत घेतली, ती चालली नाही. कुलदेवता महालक्ष्मीच्या मंदिराच्या खर्चासाठी नेमून दिलेल्या गावांचे उत्पन्न सरकारने काढून घेतले. शहरात गोवध सुरू झाला, त्यावरील तक्रारीही व्यर्थ गेल्या. दामोदररावांच्या नावे सुमारे ६ लाख रुपये सरकारने ते सज्ञान होईपर्यंत अनामत ठेविले होते. मुलाच्या मुंजीसाठी त्यांतील १ लाख मिळावेत असा अर्ज राणीसाहेबांनी केला, तेव्हा मुलाने पुढे मागणी केल्यास रक्कम परत भरण्याविषयी जामीन मागण्यात आले. स्वतःच्या मुलाची मुंज, मुलाचाच पैसा, आणि राणीसाठी झाशीच्या सावकारांनी जामीन राहावे! अखेर जामीन मिळाले आणि मुंज थाटाने पार पडली. अर्ज मंजूर झाला खरा, पण मंजुरीतही अपमान करता येतो, याचे याहून ठळक उदाहरण आमच्या वाचनात नाही.

जून १८५७ मध्ये झाशीच्या पलटणीने बंड केले आणि ८ जून रोजी जोखनबागेत इंग्रज स्त्री-पुरुष-मुलांची हत्या झाली. त्यानंतर १२ व १४ जून रोजी राणीसाहेबांनी जबलपूरचे कमिशनर अर्स्किन यांस पत्रे पाठवून आपण असहाय असल्याचे, बंडखोरांनी धाकाने पैसा उकळल्याचे आणि जिल्ह्यात बंदोबस्ताची गरज असल्याचे कळविले. अर्स्किन यांनी इंग्रजी अंमल पुन्हा बसेपर्यंत त्यांनीच जिल्ह्याचा कारभार पाहावा असे लिहिले. कलकत्त्याने मात्र असे ठरविले की, राणीचे निवेदन खोटे निघाल्यास या पत्राने तिचे संरक्षण होणार नाही. मधल्या काळात करेऱ्याच्या बाजूस सदाशिवराव पारोळकरांनी गादीचा दावा सांगून उठाव केला, तर ओरछाचे सैन्य नत्थेखानाच्या हाताखाली झाशीवर चालून आले. दोघांनाही राणीसाहेबांनी हटविले. १८५८ च्या प्रारंभी सर रॉबर्ट हॅमिल्टन यांसही त्यांनी लिहून पाहिले. उत्तर आले नाही. उत्तरादाखल आले ते सर ह्यू रोझ यांचे सैन्य.

पुढील इतिहास झाशीच्या मुलामुलांस तोंडपाठ आहे. मार्च १८५८ च्या अखेरीस वेढा पडला. तात्या टोपे साह्यास येत असता १ एप्रिल रोजी बेतवेकाठी त्यांचा मोड झाला, ३ एप्रिलला इंग्रज शहरात घुसले आणि ४ एप्रिलच्या रात्री राणीसाहेब दामोदररावांसह बाहेर पडल्या. त्या दिवसांची लूट, आग आणि नष्ट झालेला ग्रंथसंग्रह यांची हकीकत वरसईच्या विष्णुभट गोडशांनी डोळ्यांनी पाहून लिहून ठेविली आहे. मोरोपंत तांबे पकडले गेले व फासावर चढले. कालपी पडली, ग्वाल्हेर घेतले, आणि कोटा-की-सराय येथे १८ जून रोजी, काही इंग्रजी कागदांप्रमाणे १७ जून रोजी, राणीसाहेबांना वीरमरण आले.

माणूस मेला तरी नस्ती मिटत नाही. दामोदरराव काही निष्ठावंतांसह दोन वर्षे रानोमाळ भटकले आणि १८६० मध्ये इंदूरास इंग्रज अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाले. त्यांना बेताचा तनखा मिळाला. अनामत ठेविलेल्या रकमेसाठी त्यांनी अर्ज केले, पण जो पैसा राणीचा नव्हे तर मुलाचाच आहे असे सरकारने स्वतः लिहून ठेविले होते, तो मुलास कधीच परत मिळाला नाही. इंदूरातच २८ मे १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. मंत्रांनी दत्तक, मालमत्तेस वारस, राज्यास परका आणि अखेर मालमत्तेसही परका, असा तो बावन्न वर्षांचा प्रवास होता.

सरकारने यातून काहीच घेतले नाही असे नाही. कंपनीची सत्ता गेली आणि लॉर्ड कॅनिंग यांनी संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. जे झाशीस नाकारले ते इतरांस मिळाले. परंतु तनखा ही सरकारची मेहेरबानी, हा विचार टिकला. १८७१ च्या पेन्शन कायद्याने कलेक्टरच्या दाखल्यावाचून असे दावे ऐकण्यास दिवाणी न्यायालयांना मनाई केली. ही समजूत मोडावयास स्वतंत्र भारताचे सर्वोच्च न्यायालय यावे लागले. पेन्शन ही कृपा नव्हे, हक्क आहे, असे त्याने १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद यांच्या प्रकरणात आणि पुन्हा १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा प्रकरणात निर्णायकपणे सांगितले. बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व यांत नागरिकास साह्य देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदाने बजावले आहेच.

आज आपल्या कचेऱ्यांत खलिते येत नाहीत. येतात ते विधवेच्या कुटुंब-पेन्शनचे, यंत्रात हात गमावलेल्या कामगाराचे, नोकरी सुटलेल्या माणसाचे आणि अपंग मुलाच्या बापाचे अर्ज. त्यांवर अभिप्राय लिहिणाऱ्यांपुढे राणीसाहेबांचा दावा एक दाखला म्हणून असावा, असे आम्हांस वाटते. अर्जदाराचे म्हणणे ऐकले का, कराराचा किंवा नियमाचा प्रत्येक शब्द वाचला का, सोयीचा तेवढाच पूर्वदाखला तर घेतला नाही ना, ज्याने प्रत्यक्ष चौकशी केली त्याचे मत का डावलले हे लिहिले का, अपील खरोखर दुसऱ्याच हाती जाते का, आणि जे मंजूर केले ते सन्मानाने दिले का? या प्रश्नांची उत्तरे १८५४ मध्ये निराळी मिळाली असती तर इतिहास बदलला असता की नाही, हे कोणी सांगावे? परंतु एका सुज्ञ, सुशिक्षित आणि न्यायावर भरवसा ठेवणाऱ्या स्त्रीने साडेतीन वर्षे लेखणीने जे मागितले, ते मागण्यासाठी तिला शस्त्र घ्यावे लागले, हे मात्र खचित.

आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांत दरवर्षी राणीसाहेबांच्या पुतळ्यास हार घातला गेला आहे, तो यापुढेही घातला जावा. त्याचबरोबर आपल्यापैकी ज्यांच्या टेबलावर दुसऱ्याच्या पोटाचा कागद येतो, त्यांनी तो पुरता वाचून आणि वेळेत निकालात काढावा. झाशीच्या त्या अर्जदारास याहून उचित आदरांजली आम्हांस सुचत नाही.